हळद, घेवडा आणि हृदयधमन्यांचे आरोग्य



कृष्णाकाठी हृदयविकाराविषयी बोलताना हळदीचे नाव निघणे स्वाभाविक आहे. हरिपूरच्या जमिनीखालील पेवांत साठविलेल्या हळदीने सांगलीच्या पेठेचा लौकिक वाढविला. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही लाभले. तथापि ‘हळद घ्या, गोळ्या सोडा’ असा सल्ला कुणी देऊ लागल्यास तो तपासून घेतला पाहिजे.

हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्यांच्या अस्तराखाली कोलेस्टेरॉल साचते, तेथे दाह होतो व थर वाढत जातो. तो थर फुटून रक्ताची गुठळी झाली, की झटका येतो. हळदीला पिवळा रंग देणारे कर्क्युमिन हे द्रव्य प्रयोगशाळेत दाह कमी करते, हे खरे. परंतु हळदीत ते साधारणतः ३ टक्के असते. म्हणजे ३ ग्रॅम हळदीत सुमारे ९० मिलिग्रॅम. माणसांवरील चाचण्यांत बहुधा ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रा दिली जाते. शिवाय आतड्यातून ते फारच थोडे शोषले जाते. लहान चाचण्यांत रक्तातील मेदावर किंचित चांगला परिणाम दिसला. झटका टळतो, हे मात्र सिद्ध झालेले नाही.

म्हणून डॉक्टरांनी दिलेले औषध परस्पर बंद करू नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास कर्क्युमिनच्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. त्या विचारल्यावाचून घेऊ नयेत. स्वयंपाकातील हळदीची भीती नको, पण ती शुद्ध हवी. रंग खुलविण्यासाठी काही ठिकाणी भेसळीत वापरले जाणारे लेड क्रोमेट शरीरात शिसे नेते, आणि शिशामुळे रक्तदाब व हृदयविकार बळावतात.

वनस्पतींचा अधिक खात्रीचा गुण आपल्या साध्या ताटातच आहे. कोरेगावचा वाघ्या घेवडा, हरभरा व इतर कडधान्ये यांतील विरघळणारा तंतू कोलेस्टेरॉल आतड्यातूनच बाहेर नेण्यास मदत करतो. मात्र त्यावर तंबाखूची चिमूट चढविली, तर हा लाभ वाया जातो.

शिक्षकांनी हे वर्गात सांगावे. पंचायत सदस्यांनी गावातील रक्तदाब-तपासणीला लोकांना सोबत घेऊन जावे. छातीत कळ आल्यास हळदीचे दूध करण्यात वेळ न दवडता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. हळदीचा मान त्यामुळे कमी होत नाही. माणूस मात्र वाचतो.