हरलेल्या डावानंतर



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतला माणूस बोलायला उभा राहिला, की महागाई भत्ता, किमान वेतन, फार तर नवे कामगार कायदे, एवढेच तो बोलणार असा श्रोत्यांचा समज असतो. आज आम्ही बुद्धिबळाविषयी बोलणार आहोत. त्यातही जिंकण्याविषयी सांगणारे पुष्कळ असल्यामुळे हरण्याविषयी, आणि हरल्यानंतर दुसऱ्या दिवशी काय करावे याविषयी.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले, ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. युनियनच्या कचेरीत एका कोपऱ्यात पट मांडलेला असतो. संध्याकाळी मोंढ्यातले हमाल, मापाडी, डाळ मिलमधले कामगार, एस. टी.च्या वर्कशॉपमधले मेकॅनिक तिथे बसतात. त्यांची मुलेही येतात. इतक्या वर्षांत आम्ही एक गोष्ट पाहिली. खेळ सोडून जाणारे बहुतेक जण कंटाळून जात नाहीत. एखाद्या पराभवानंतर ते येईनासे होतात. मुलगा जिल्ह्याच्या स्पर्धेला जातो, आपल्यापेक्षा तीन वर्षांनी लहान पोराकडून वीस खेळ्यांत मात खाऊन येतो, आणि पट माळ्यावर टाकतो. आई विचारते, तर म्हणतो, "आपल्याला डोकंच नाही."

हे वाक्य आम्हाला घातक वाटते. खेळापुरते राहिले असते तर चालले असते. पण ते खेळापुरते राहत नाही.

प्रथम हे पाहू, की बुद्धिबळातला पराभव इतका का झोंबतो. सोंगट्यांत हरलो तर दान पडले नाही म्हणता येते. कबड्डीत हरलो तर पंचाला नावे ठेवता येतात, क्रिकेटमध्ये खेळपट्टीला. इथे दान नाही, पंच नाही, वारा नाही. दोघांना सारखीच सोळा मोहरी मिळालेली. सबब सांगायला जागाच नाही. त्यात आपण मराठी माणसांनी खेळाचे नाव ठेवले बुद्धिबळ! म्हणजे जो हरला, त्याच्या बुद्धीचे बळ कमी, हा निकाल नावातच लिहून ठेवलेला.

पण हे या खेळाचे एकुलते नाव नाही. आमच्या मराठवाड्यातली म्हातारी माणसे अजून शतरंज म्हणतात. तो शब्द चतुरंगावरून आला. चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे. या नावात बुद्धीचा दाखला कुठेच नाही. सैन्य एक लढाई हरते, मागे येते, जखमी मोजते, रसद कुठे तुटली ते पाहते आणि पुन्हा उभे राहते. आमच्या मते हरलेल्या माणसाने त्या दिवशी खेळाचे हे जुने नाव आठवावे.

आता थोडा हिशेब करू. खेळाडूंचे बळ मोजण्याची जी मानांकन पद्धत आज जगभर चालते, ती अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन प्राध्यापकाने बसवली आणि जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. तिचे गणित असे, की एखादा खेळाडू दुसऱ्यापेक्षा २०० गुणांनी वरचढ असेल, तर शंभर डावांत त्याच्या वाट्याला सुमारे ७६ गुण यावेत. म्हणजे उरलेले २४ गुण दुबळ्याच्या पदरात पडतात. पद्धत बसवणाऱ्यानेच बलवानाचे पराभव हिशेबात धरले आहेत. बरोबरीच्या माणसाकडून एक डाव हरला, तर साधारण प्रौढ खेळाडूचे दहा गुण जातात, आणि पुढचा डाव तशाच माणसाशी जिंकला की ते दहा परत येतात. ज्या पराभवाने रात्रीची झोप उडते, त्याची वहीतली किंमत एवढीच आहे.

कोणी म्हणेल, हा हिशेब झाला, मनाचे काय? मनासाठी आपल्याच मुलखातले दाखले घेऊ.

नाशिकचा विदित गुजराथी २०२३ साली आइल ऑफ मॅन बेटावरच्या ग्रँड स्विस स्पर्धेला गेला. अकरा फेऱ्यांची स्पर्धा, जगातले निवडक खेळाडू समोर. पहिल्याच फेरीत तो हरला. अकरापैकी एक फेरी पाण्यात गेल्यावर "आता फक्त अब्रू राखू" असे म्हणून कोणीही खेळले असते. विदितने उरलेल्या दहा फेऱ्यांत साडेआठ गुण मिळवले, स्पर्धा जिंकली, आणि जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेत जागा मिळवली. पुढे २०२४ साली टोरांटोला त्या स्पर्धेत त्याने हिकारू नाकामुरासारख्या खेळाडूला दोन्ही वेळा हरवले. तरीही चौदा डावांत त्याचे गुण सहाच झाले. हा दुसरा भाग आम्ही मुद्दाम सांगतो. एकदा सावरलेला माणूस पुढे प्रत्येक वेळी जिंकतोच असे नाही. त्याला पुन्हा सावरावे लागते.

त्याच टोरांटोच्या स्पर्धेत डी. गुकेश सातव्या फेरीत अलिरेझा फिरुझाकडून हरला. ती स्पर्धा त्यानेच जिंकली. त्याच वर्षी सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या सामन्यात पहिलाच डाव तो डिंग लिरेनकडून हरला आणि चौदाव्या डावाअखेर, १२ डिसेंबरला, अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. टोरांटोच्या त्या पराभवाविषयी त्याने पुढे सांगितले, की नंतरच्या विश्रांतीच्या दिवशीच आपण जिंकू शकतो असे त्याला वाटू लागले होते. हरलेल्या डावाने त्याला आपल्या खेळाची खात्री पटवली!

नागपूरच्या दिव्या देशमुखचे नाव आता घरोघरी गेले आहे. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बाटुमीला एकोणीस वर्षांच्या या मुलीने महिलांचा विश्वचषक जिंकला. पण त्या अंतिम सामन्यात तिच्याकडून हरली कोण, हेही लक्षात ठेवा. कोनेरू हम्पी. हीच हम्पी सात महिन्यांपूर्वी, डिसेंबर २०२४ मध्ये, न्यूयॉर्कला जलद बुद्धिबळाच्या जागतिक स्पर्धेत पहिली फेरी हरली होती आणि तरी विजेती ठरली होती. पटाच्या दोन्ही बाजूंना हरणे पचवलेली माणसे बसतात. अजून कधी न हरलेला माणूस फक्त न खेळलेल्यांत सापडेल.

हे लोक हरल्यानंतर करतात काय? इथे आम्हाला आमच्या धंद्यातला अनुभव सांगावासा वाटतो, कारण हरण्याचा अभ्यास कामगार चळवळीइतका दुसऱ्या कोणाचा नसेल.

एका डाळ मिलमधला संप बाविसाव्या दिवशी मोडला. माणसे मान खाली घालून कामावर गेली. पुढच्या सभेत दोन सूर निघाले. एक म्हणाला, "आपली माणसंच फितूर." दुसरा म्हणाला, "मालकापुढे गरिबाचं कधी चालत नाही." दोन्ही वाक्ये बोलायला सोपी आणि कामाला निरुपयोगी. तेव्हा एका वयस्क हमालाने वही मागितली. कोणत्या दिवशी, कोणत्या पाळीतले, किती जण आत गेले, ते ओळीने लिहायला लावले. लिहिता लिहिता दिसले, की नवव्या दिवसापर्यंत एकही माणूस फुटला नव्हता. नवव्या दिवशी घरातले धान्य संपले होते. फितुरी नव्हे, नशीब नव्हे, ज्वारी! पुढच्या वेळी संपाची नोटीस देण्याआधी महिन्याची ज्वारी गोळा झाली.

बुद्धिबळात ही वही खेळाच्या नियमानेच मिळते. स्पर्धेत प्रत्येक खेळी कागदावर लिहावी लागते. तो कागद रागाने फाडणारा माणूस स्वतःची शाळा फाडतो. रशियाचा मिखाईल बोट्विनिक हा पेशाने विद्युत इंजिनिअर. १९५७ साली तो जगज्जेतेपद स्मिस्लोवकडे हरला, १९५८ साली परत मिळवले. १९६० साली मिखाईल तालने त्याला साडेबारा विरुद्ध साडेआठ असे हरवले. ताल तेवीस वर्षांचा, बोट्विनिक पन्नाशीकडे झुकलेला. १९६१ साली त्याने तालला तेरा विरुद्ध आठने हरवून पद पुन्हा घेतले. त्याची पद्धत साधी होती: आपले डाव स्वतः तपासायचे, टिपणांसह छापायचे आणि चूक काढायला लोकांना मोकळीक द्यायची.

त्यावरून आम्ही आमच्या कोपऱ्यातल्या मुलांना चार गोष्टी सांगतो.

पहिली, हरलेल्या रात्री सूड घ्यायला बसू नका. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि फोनवर अर्ध्या रात्री शत्रू मिळतो. त्या रागात खेळलेले वीस डाव म्हणजे जुगाऱ्याचे डाव. जेवा, झोपा.

दुसरी, दुसऱ्या दिवशी डाव पुन्हा मांडा आणि तो कोणत्या खेळीला फिरला ते आधी स्वतःच्या डोक्याने शोधा. यंत्र नंतर विचारा. १९९७ साली यंत्राने कास्पारोव्हला हरवले, आणि आज फोनमधले यंत्रही जगज्जेत्यापेक्षा बलवान आहे. ते एका क्षणात उत्तर देते. पण तुम्ही त्या वेळी काय विचार करत होता हे त्याला ठाऊक नसते. ते फक्त तुम्हाला ठाऊक. मोहरे दिसले नाही, घड्याळाचा धाक वाटला, की जिंकत आलो म्हणून सैल पडलो, हे लिहून ठेवा. दहा डावांत तेच कारण चार वेळा आले, तर तुमची ज्वारी कुठे संपते ते कळले.

तिसरी, एका वेळी एकच गोष्ट पक्की करा. आपला राजा आपल्या प्याद्याच्या पुढे सहाव्या ओळीत पोचला, आणि समोर एकटा राजा असला, तर चाल कोणाचीही असो, प्याद्याचा वजीर होतो. फक्त अगदी कडेच्या प्याद्याला हे लागू नाही. एवढी गोष्ट शिकायला एक संध्याकाळ पुरते, शिकवणीची फी लागत नाही, आणि ती जन्मभर पुरते. गुण हातात नसतात. आज काय शिकलो, हे हातात असते. मोजायचे ते हेच.

चौथी, एकट्याने सोसू नका. हरलेला डाव दुसऱ्याला दाखवावा. चार डोकी पटावर वाकली, की अपमान कमी होतो आणि कोडे उरते.

पण ही जबाबदारी सगळी मुलावर टाकून आम्ही मोकळे होणार नाही. जिद्द ही नुसती मनातली वस्तू नाही. तिला वेळ लागतो, जागा लागते, सोबत लागते. ज्याला प्रशिक्षक आहे, त्याचा हरलेला डाव त्याच संध्याकाळी तपासला जातो. हमालाच्या मुलाचा डाव तसाच राहतो, वर प्रवासखर्च फुकट गेल्याचे दुःख. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारच्या सुटीची मागणी १८८४ साली मांडली. ती मिळाली १८९० साली. सहा वर्षे नकार! त्या नकारांना शेवट मानले असते, तर आपल्याला पट मांडायला रविवारच मिळाला नसता. तेव्हा नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांतल्या वाचनालयांना आमची विनंती आहे, की संध्याकाळी एक खोली उघडी ठेवा, तीत चार पट ठेवा, आणि आठवड्यातून एक दिवस फक्त हरलेले डाव मांडण्यासाठी राखा.

लातुरात हे बोलायला आणखी एक कारण आहे. लातूर पॅटर्नचे नाव महाराष्ट्रभर आहे. खेड्याखेड्यांतून मुले वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी इथे येतात, नांदेडलाही येतात, एका खोलीत चार-चार राहतात. निकालाच्या दिवशी जिंकलेल्यांचे फोटो चौकात लागतात. बाकीची मुले त्या फलकांखालून कशी जात असतील? "आपल्याला डोकंच नाही" हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलेले असते, आणि ते ऐकायला जवळ कोणी नसते. लहानपणी पटावर हरून, तो डाव चार मित्रांत पुन्हा मांडून, दुसऱ्या दिवशी खेळायला आलेले मूल या दिवसासाठी थोडे तयार झालेले असते. आमच्या लेखी बुद्धिबळाचा खरा उपयोग हा.

प्रत्येकजण विश्वनाथन आनंद होणार नाही, हे आम्ही जाणतो. कोणाला पुढे कबड्डी आवडेल, कोणाला तबला. त्याने पट खुशाल सोडावा. मात्र हरलेल्या संध्याकाळी राजीनामा लिहू नये. आनंद २०१३ साली चेन्नईत, आपल्याच गावात, साऱ्या देशासमोर कार्लसनकडे जगज्जेतेपद हरला. तेव्हा तो त्रेचाळीस वर्षांचा होता. चारच महिन्यांनी खांटी-मान्सिस्कच्या कँडिडेट्स स्पर्धेत तो पुन्हा पटावर बसला आणि ती जिंकला. सोडण्याचा निर्णयही जिंकलेल्या दिवशी, शांत डोक्याने घ्यावा. मग तो खरा निर्णय.

मराठीत "मात करणे" या शब्दाला दुसराही अर्थ आहे. संकटावर मात करतात, दुष्काळावर मात करतात. हा शब्द पटावरूनच भाषेत आला. तेव्हा ज्या मुलांनी पट माळ्यावर टाकला आहे, त्यांनी तो खाली काढावा, आणि मोठ्या माणसांनी त्यांच्यासमोर बसावे. त्यांना हरवायला नव्हे. त्यांचा हरलेला डाव पाहायला.