मिश्रीची डबी

महाराष्ट्रांतील अनेक घरांत सकाळचा पहिला विधि म्हणजे मिश्री लावणें. तवा तापवावयाचा, त्यावर तंबाखू काळी पडेपर्यंत भाजावयाची, चुरून बारीक भुकटी करावयाची आणि ती लहानशा डबींत भरून ठेवावयाची. एवढीच तिची कृति. भाजतांना जो खकाणा उठतो त्यानें शेजारच्या बिऱ्हाडालाहि ठसका लागतो. परंतु डबीची जागा दंतमंजनाच्या फळीवर, म्हणून तिला व्यसन म्हणण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. नवऱ्याच्या विडीला नांवें ठेवणारी गृहिणी तीच तंबाखू तर्जनीवर घेऊन निःशंकपणें हिरड्यांवर फिरविते.

आरंभ पुष्कळदां दाढेच्या दुखण्यानें होतो. "थोडी लावून बघ, ठणका थांबेल," असें सासू सांगते, आणि ठणका कांहीं वेळ थांबल्यासारखा वाटतोहि. तंबाखूंतील निकोटिन तोंडाच्या आंतील कोमल त्वचेंतून रक्तांत शिरतें व तेथून मेंदूपर्यंत पोंचतें. तरतरी वाटते, भूक मंदावते. पुढें दाढेचा विसर पडतो, पण मिश्रीवांचून डोकें जड होतें, लेकरांवर उगीच खेंकसणें होतें. मग दिवसांतून एकदांची चारदां होते. जिच्या ताटांत सर्वांच्या मागून उरलेंसुरलें पडतें, तिला भूक मारणारी ही चिमूट सोयीची वाटली तर नवल नाहीं. निव्वळ अडाणीपणा म्हणून तिची संभावना करणें अन्यायाचें होईल.

धूर निघत नाहीं म्हणून धोका टळत नाहीं. धूररहित तंबाखूची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केलेली आहे. गर्भवतीच्या बाबतींत तर दुसऱ्या जीवाचाहि प्रश्न येतो. मुंबईंतील बाराशेंहून अधिक गरोदर स्त्रियांच्या पाहणीचा निष्कर्ष २००४ सालीं प्रसिद्ध झाला. अशी तंबाखू वापरणाऱ्या मातांचीं अर्भकें सरासरीनें १०५ ग्रॅम हलकीं भरलीं. आंकडा लहान दिसतो खरा. पण जें मूल आधींच अडीच किलोच्या कांठावर आहे, त्याला तेवढी तूट जड जाते.

दंतमंजनांत तंबाखू घालण्यास १९९२ सालीं सरकारनें बंदी केली. ती कारखान्यांतील पुडीपुरती. घरच्या तव्याला कायदा कोठून पोंचणार?

म्हणून काम घरांतच करावें लागतें. "तंबाखू खातां कां?" असें विचारलें तर "नाहीं" हेंच उत्तर येतें, आणि तें देणारी खोटें बोलत नसते. "मिश्री लावतां कां?" असें विचारावें. सुशिक्षित घरांतील वृद्ध आजीला, तसेंच कामास येणाऱ्या बाईलाहि, हा प्रश्न न रागावतां विचारतां येतो. सोडतांना पहिले कांहीं दिवस चिडचीड फार होते; त्या दिवसांत घरच्यांनीं टोमणे आवरावे आणि बोटाला साधें, तंबाखूविरहित मंजन द्यावें. मूळची दाढ अद्याप किडलेलीच असेल, तर आधीं ती दंतवैद्याला दाखवावी. नाहींतर पुढच्या ठणक्याला डबी पुन्हां फळीवर येते.