प्रतिजैविके आणि धातू : एक उपयुक्त परिचय
(शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर दिलेले भाषण)



सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन ही नावे आता खेड्यापाड्यांतही परिचयाची झाली आहेत. ही औषधे क्विनोलोन या प्रतिजैविकांच्या कुळातील होत. या कुळाचा आरंभ १९६२ साली नॅलिडिक्सिक आम्लाने झाला. हिवतापावरील क्लोरोक्विन तयार करताना मिळालेल्या एका उपपदार्थातून अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज लेशर व त्यांच्या सहकाऱ्यांना त्याचा मार्ग सापडला.

क्विनोलोनच्या रेणूत कीटोन गटाचा व कार्बोक्सिल गटाचा असे दोन ऑक्सिजन अणू जवळजवळ असतात. ते चिमट्याप्रमाणे धातूचा आयन पकडतात व सहा अणूंचे स्थिर कडे तयार होते.

हा गुण औषधाच्या कार्यास आवश्यक आहे. जिवाणूच्या डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या विकरांना क्विनोलोन रोखून धरते. औषध आणि विकर यांच्यामध्ये मॅग्नेशियमचा आयन व त्याभोवतीचे पाण्याचे रेणू यांचा जणू पूल असतो, हे २०१० च्या सुमारास स्फटिकरचनेच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. विकराच्या बाजूचा या पुलाचा आधार जनुकीय बदलामुळे नाहीसा झाला, की जिवाणू औषधाला दाद देत नाही.

तांबे, जस्त, कोबाल्ट आदी धातूंची क्विनोलोनबरोबरची संयुगे प्रयोगशाळांतून तयार झाली आहेत. त्यांपैकी अनेकांचा जिवाणुनाशक प्रभाव मूळ औषधाएवढाच, तर काहींचा कमी वा अधिक आढळला. तथापि, तांब्याच्या भांड्यातील पाण्याबरोबर गोळी घेतल्याने गुण लवकर येतो, असा अर्थ यातून कोणीही काढू नये.

कारण पोटात हीच पकड घातक ठरते. दुधातील कॅल्शियम, रक्तवाढीच्या गोळीतील लोह, आम्लपित्तावरील औषधातील ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम यांच्याशी औषध बांधले गेले, की ते रक्तात पुरेसे शोषले जात नाही. रोगी गोळ्या नियमित घेतो, पण ताप उतरत नाही. उलट अपुऱ्या मात्रेत तग धरणारे जिवाणू बळावण्याचा धोका राहतो.

म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन ही आम्लपित्ताच्या वा लोहाच्या गोळीपूर्वी किमान दोन तास किंवा तिच्यानंतर सहा तासांनी घ्यावी. ती नुसत्या दुधाबरोबर वा दह्याबरोबर घेऊ नये. लोहाची गोळी मात्र बंद करू नये. केवळ वेळ बदलावी. कोणतेही प्रतिजैविक डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे आणि ठरविलेले दिवस पूर्ण करावे. शाळेतील पालकसभेत व ग्रामसभेत आपण एवढे समजावून सांगितलेत, तरी मोठे कार्य होईल.