पाचवीच्या मुलाला वाचता येतं का?

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यातले काही जण शिक्षण खात्यात जातील, काही स्वयंसेवी संस्थांत, काही संशोधनाकडे वळतील. म्हणून आज एका संशोधनाची वाटचाल सांगावीशी वाटते. अर्थतज्ज्ञ अभिजित विनायक बॅनर्जी यांचा जन्म 1961 सालचा, मुंबईतला. आई निर्मला माहेरच्या पाटणकर, त्याही अर्थशास्त्राच्या अभ्यासक. 2019 साली एस्तेर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांच्यासह अभिजित यांना नोबेल मिळालं. मला मात्र त्या पुरस्काराआधीच्या वर्षांबद्दल बोलायचं आहे.

क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केनियातल्या ग्रामीण शाळांना पाठ्यपुस्तकं देऊन परिणाम तपासला. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत होती आणि इंग्रजी ही तिथल्या बहुतेक मुलांची तिसरी भाषा. बाकीच्या मुलांना ती वाचताच येत नव्हती, मग उपयोग कसा व्हावा?

मुंबईत 1995 साली माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी ‘प्रथम’ ही संस्था उभी केली. चव्हाण रसायनशास्त्राचे प्राध्यापक, लांबे समाजकार्याच्या. संस्थेच्या एका उपक्रमात वस्तीतलीच दहावी-बारावी झालेली मुलगी महापालिकेच्या शाळेत ‘बालसखी’ म्हणून यायची. तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना ती रोज दोन तास बाजूला घेऊन अक्षरं आणि अंक पक्के करून घ्यायची. बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी 2001 ते 2003 या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात याची कसोटी घेतली. कोणत्या शाळेत तिसरीला बालसखी द्यायची आणि कोणत्या शाळेत चौथीला, हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं, म्हणजे तुलनेत पक्षपात राहू नये. मुलं सुधारली, आणि सर्वांत जास्त सुधारली ती सर्वांत मागे असलेली. हा निबंध 2007 साली छापून आला.

अनेक संशोधनं इथे संपतात. निबंध छापला जातो, बढती मिळते, विषय बदलतो. हे लोक मात्र तोच प्रश्न घेऊन उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात गेले. शाळेत मूल काय शिकतं हे गावाला कळलं तर गाव शाळेला जाब विचारील, असा एक लोकप्रिय समज होता. गावसभा झाल्या, माहिती दिली. नुसत्या माहितीने मुलांच्या शिकण्यात काहीच फरक पडला नाही. ज्या गावांत स्वयंसेवकांनी वाचनवर्ग चालवले, तिथे वर्गाला आलेली मुलं वाचू लागली, पण आली फार थोडी. पुढे बिहारमध्ये सरकारी शिक्षकांनीच उन्हाळी सुट्टीत वर्ग घेतले आणि मुलं शिकली. शाळेच्या नेहमीच्या दिवसांत मात्र प्रशिक्षण आणि साहित्य देऊनही त्याच शिक्षकांच्या वर्गांत बदल दिसला नाही. शिक्षक कामचुकार होते असं मला वाटत नाही. अभ्यासक्रम पूर्ण करणं हेच त्यांच्यावरचं काम होतं, आणि त्यांच्याकडून हिशेबही त्याचाच घेतला जात होता. हे लक्षात आल्यावर हरियाणात शाळेच्या वेळापत्रकातला एक ठरावीक तास वेगळा काढला, इयत्तेऐवजी पातळीनुसार मुलांचे गट केले आणि देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनाही त्याच कामाला लावलं. तेव्हा सरकारी व्यवस्थेच्या आत ही पद्धत चालली.

फसलेले प्रयोगही त्यांनी यशस्वी प्रयोगांइतक्याच तपशिलाने छापले. मला या साऱ्या कामात सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच. जौनपूरचा निकाल कुणी कपाटात ठेवला असता, तर हरियाणातला तो तास कुणाला सुचला असता?

2005 पासून ‘प्रथम’च्या ‘असर’ या पाहणीत कार्यकर्ते घरोघर जाऊन मुलाच्या हातात एक कागद देतात: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. पाकिस्तान, केनिया, टांझानिया, युगांडा या देशांनी अशीच पाहणी स्वीकारली. झांबियाच्या सरकारने 2016 मध्ये पातळीनुसार शिकवण्याचा प्रयोग सुरू केला आणि नंतर तो वाढवला. 2020 साली जागतिक शिक्षण-पुरावा सल्लागार मंडळाने कोणता खर्च सार्थकी लागतो हे सांगणारा अहवाल काढला. मंडळाचे सह-अध्यक्ष होते बॅनर्जी आणि घानाचे क्वामे अक्यामपोंग. पातळीनुसार शिकवणं त्यात चांगल्या खर्चात गणलं गेलं, तर बाकी काही न बदलता नुसतं साहित्य वाटणं वाया जाणाऱ्या खर्चात. गरीब देशांचे शिक्षणमंत्री ज्या अहवालांवरून पैसा वळवतात, त्यांत आज मुंबईच्या बालसखीचा अनुभव आहे. तिचं नाव निबंधाच्या लेखकांत नाही. धोरण लिहायला बसाल तेव्हा ती तुमच्या डोळ्यांसमोर असावी असं मला मनापासून वाटतं.

काम संपलेलं नाही. आपल्या ग्रामीण भागातल्या पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना अजूनही दुसरीची गोष्ट वाचता येत नाही. आणि 2025 साली बॅनर्जी, डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा एक नवा अभ्यास ‘नेचर’मध्ये आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत भाजी विकणारी मुलं गिऱ्हाइकाचा किचकट हिशेब तोंडी, बिनचूक करतात. शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडलेली साधी गणितं त्यांना अडतात. शाळेत जाणाऱ्या, पण बाजारात काम न करणाऱ्या मुलांचं नेमकं उलट होतं. या दोन हिशेबांमधला पूल कोणत्या इयत्तेत, कोणत्या पाठातून बांधायचा, याचं खात्रीचं उत्तर अजून कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. लासलगावच्या बाजार समितीत, दादरच्या भाजीबाजारात, तुमच्या गावच्या आठवडी बाजारात ही मुलं आहेत. तुमच्यातल्या कुणीतरी हा प्रश्न हाती घ्यावा, एवढं मागणं मागून मी तुम्हा सर्वांचं अभिनंदन करतो.