पेटींतील पहारेकरी

यवतमाळास लागूनच असलेल्या लोहाऱ्यांत माझें एक लहानसें कार्यालय आहे. कापूसखरेदीच्या पावत्यांचा हिशेब करणारा प्रोग्रॅम आम्ही तेथें चालवितों. गेल्या हंगामांत तो लागोपाठ तीन रात्रीं मध्येंच बंद पडला, आणि पावत्या तयार नाहींत म्हणून गाड्या घेऊन आलेल्या शेतकऱ्यांना सकाळीं ताटकळत बसावें लागलें. मीं सारा दोष आमच्या तरुण सहकाऱ्यावर ठेवला. संगणकाची स्मृति, म्हणजे मेमरी, अपुरी पडत आहे असें तो म्हणत होता. मीं त्याला चारचौघांत पडद्यावरचे आंकडे दाखविले: 16 गिगाबाइटपैकीं 9 मोकळे! आंकडे खरे होते. माझा निवाडा तेवढा खोटा होता.

हल्लीं प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या साहित्यासह एका बंदिस्त पेटींत घालून चालविण्याची चाल आहे. या पेटीला कंटेनर म्हणतात. 2013 सालीं 'डॉकर' आल्यापासून ही चाल फार फैलावली. परंतु पेटी म्हणजे निराळा संगणक नव्हे. ती जुन्या वाड्यांतल्या बिऱ्हाडासारखी आहे. दार आपलें, भिंती आपल्या, पण विहीर सर्वांची एक आणि मालकहि एकच. हा मालक म्हणजे लिनक्सचा गाभा, कर्नल.

बिऱ्हाडें वेगळीं राखण्यासाठीं मालक दोन व्यवस्था ठेवतो. एक आडपडद्याची: शेजारीं कोण काय करतो तें दिसूं नये. हिला नेमस्पेस म्हणतात. दुसरी पाण्याच्या मापाची: कोणीं किती घागरी भराव्या. ही सीग्रुप. चालू कामांवरचा आडपडदा व सीग्रुप, दोन्ही 2008 सालीं लिनक्सच्या 2.6.24 या आवृत्तींत आलीं. पण एकीचा दुसरीशीं संबंध नाहीं, आणि सारा घोटाळा येथेंच आहे.

'टॉप' किंवा 'एचटॉप' हीं देखरेखीचीं साधनें गाभ्यानें मांडलेल्या 'प्रॉक' या निर्देशिकेंतून आपली माहिती वाचतात. पेटीच्या आंत तें साधन चालविलें, तर कामांची यादी फक्त त्या पेटीचीच दिसते, कारण तेथें आडपडदा आहे. स्मृतीचे आंकडे मात्र सबंध संगणकाचे दिसतात. त्यांवर पडदा नाहीं. खिडकींतून विहीर तुडुंब दिसावी आणि आपल्या वांट्याला घागरी मोजून याव्या, तसा हा प्रकार. आमच्या पेटीला 512 मेगाबाइटचें माप होतें. तें कोणीं घातलें? मींच, सहा महिन्यांपूर्वीं, आणि विसरलों.

माप ओलांडलें आणि मोकळें करण्याजोगें कांहीं उरलें नाहीं, कीं गाभा आंतलें काम ठार करतो. आमच्या नोंदींत तिन्ही रात्रीं 137 हा आंकडा होता: 128 अधिक 9, आणि 9 हा विनाअपील मारण्याचा इशारा. हा इशारा दुसऱ्या कोणीहि देऊं शकतो, म्हणून एवढ्यावर निकाल देऊं नये. स्मृतीपायीं काम मारलें गेलें कीं नाहीं, याची डॉकर स्वतंत्र नोंद ठेवतो. ती त्या मुलानें मला दाखविली.

पेटीचें खरें माप आंतूनहि वाचतां येतें. सीग्रुपच्या नव्या आवृत्तींत 'मेमरी.मॅक्स' व 'मेमरी.करंट' अशा दोन फाइली असतात. पहिलींत मर्यादा, दुसरींत चालू खर्च. जावा भाषेनें 2018 सालच्या दहाव्या आवृत्तीपासून आपली मर्यादा स्वतः ओळखण्यास आरंभ केला. बाहेरून पाहावयाचें तर 'डॉकर स्टॅट्स' ही आज्ञा पुरते.

उलट, पेटींत बसूनच सर्व संगणकावर पहारा करावयाचा असेल, तर आडपडदा मुद्दाम काढावा लागतो. मग पहारेकऱ्याला सर्वांचीं कामें दिसतात. कोणीं आज्ञेच्या ओळींतच परवलीचा शब्द लिहिला असेल, तर तोहि दिसतो. कित्येक जण याहून पुढें जाऊन त्याला डॉकरचें सॉकेटच देतात, आणि तें 'फक्त वाचण्यापुरतें' जोडलें आहे म्हणून निर्धास्त राहतात. ती समजूत व्यर्थ आहे. त्या वाटेनें नवी पेटीहि उभारतां येते, म्हणजे वाड्याच्या किल्ल्याच हातीं आल्या. 'नोड एक्स्पोर्टर' या प्रसिद्ध साधनाचे कर्ते तर तें पेटींत ठेवूं नये, असें पूर्वीं सुचवीत असत. मला हें पटतें.

आमचा पहारेकरी आतां पेटीबाहेर बसतो. हंगामांत नोंदी वाढतात, म्हणून माप 1 गिगाबाइट केलें. ज्या चौघांसमोर मीं त्या मुलाला बोललों होतों, त्यांच्यासमोरच त्याची माफी मागितली. तो कांहीं बोलला नाहीं. पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी तेवढी चिकटविली, तिच्यावर नवें माप आणि तें घालणाऱ्याचें, म्हणजे माझें, नांव.