पुनावळ्याहून पहिल्या वर्गाने

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषण करण्याची सवय नाही. पण अमेरिकेहून परत आल्यापासून किराणा दुकानात, देवळात, भाजीच्या गाडीपाशी जी भेटेल ती एकच विचारते, ‘‘खरंच का हो विमानात आंघोळ केलीत?’’ शेवटी चालक भगिनी म्हणाल्या की एकदा सर्वांना मिळून सांगून टाका, म्हणजे तुमचीही सुटका होईल आणि आमचीही. म्हणून उभी राहिले आहे. चुकलेमाकले सांभाळून घ्या.

मी लग्न होऊन ह्या गावात आले ती १९९६ साली. पुढच्याच वर्षी गाव महापालिकेत गेले. तेव्हा इथे ज्वारी होती, ऊस होता, आणि धुणे घेऊन आम्ही पवनेवर जात होतो. आमचे धाकटे भाऊजी तेव्हा सहावीत होते. आत्याबाई शेतावर असत, त्यामुळे त्यांचा डबा, त्यांचा गणवेश, आजारपण सगळे माझ्याकडेच आले. २००३ साली त्यांना इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला आणि फीचे पैसे जमेनात. माझ्या माहेरच्या पाटल्या होत्या, त्या मोडल्या. ही गोष्ट मी कुणाला सांगत नव्हते. आज सांगावी लागते, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे.

भाऊजी पुढे हिंजवडीला नोकरीला लागले. कामासाठी वर्षातून तीन-चार वेळा अमेरिकेला जाऊ लागले. तिकीट कंपनी काढते, पण विमानाच्या प्रवासाचे मैल मात्र जाणाऱ्याच्या नावावर जमा होतात. मला हे पटेना. म्हटले, ‘‘पैसे कंपनीचे, आणि मैल तुमचे कसे?’’ ते म्हणाले, ‘‘वहिनी, पाठ माझी दुखते ना!’’ खरे कारण त्यांनी नंतर सांगितले. विमान कंपनीला हा माणूस पुन्हा आपल्याकडेच यायला हवा असतो. अमेरिकन एअरलाइन्स नावाच्या कंपनीने १ मे १९८१ पासून मैल जमा करण्याची मोठी योजना काढली आणि मग एकीचे पाहून दुसरीने, असे करत आता बहुतेक मोठ्या कंपन्यांत ती चालते. पूर्वी जितके मैल उडाल तितके मिळत. आता कुठे तिकिटाच्या पैशावर मिळतात, कुठे बँकेच्या कार्डावर खरेदी केली तरी मिळतात.

मला ही योजना बोहारणीसारखी वाटली. आपण जुनी लुगडी साठवायची आणि तिच्याकडून पातेले घ्यायचे. पण किती लुगड्यांना किती मोठे पातेले, हे ती ठरवते, आपण नाही. आणि काल चार लुगड्यांत मिळणारे आज पाचांत मिळते. शिवाय लुगडी घरात पडून राहिली तर राहतात, मैलांचे तसे नाही. भाऊजींचे मैल एमिरेट्स कंपनीचे. ते तीन वर्षे टिकतात आणि मग तुमच्या वाढदिवसाच्या महिन्याअखेर बुडतात. भाऊजींचा वाढदिवस डिसेंबरातला. त्या डिसेंबरात मोठा साठा बुडणार होता.

आणि नेमके त्याच वेळी माझ्या लेकीचे दिवस भरत आले. ती न्यूजर्सीला असते. पहिलेच बाळंतपण, आणि सासूबाईंचे गुडघ्याचे ऑपरेशन झालेले. मी गेलेच पाहिजे असे ठरले. भाऊजी एके संध्याकाळी आले आणि म्हणाले, ‘‘वहिनी, जाताना-येताना पहिल्या वर्गाने जायचं. तुमची कंबर मला माहीत आहे.’’

मी विचारले, ‘‘इतक्याच मैलांत साधी तिकिटे किती येतात?’’ ते गप्प बसले. मग म्हणाले, पहिल्या वर्गाला साध्याच्या तिप्पट लागतात. म्हणजे माझ्या एका जाण्यायेण्यात तीन माणसे साध्या वर्गाने जाऊन आली असती. आमच्या घरातल्यांनी तर कधी विमानाच्या पायरीला पाय लावला नव्हता. मी म्हटले, मग आम्ही दोघे जाऊ. पण चाकणला त्यांच्या कारखान्यात तेव्हा मोठे काम चालू होते, रजा मिळत नव्हती. हे म्हणाले, ‘‘तू जा. तो एवढं म्हणतोय, त्याचं मन मोडू नको.’’

एक गोष्ट मात्र सांगते. मैलांचे तिकीट म्हणजे फुकट तिकीट, असे कोणी समजू नका. कर आणि इतर आकार रोख भरावे लागतात, आणि पहिल्या वर्गाला तो आकडा लहान नसतो. शिवाय मैलांवर द्यायच्या जागा मोजक्या असतात. भाऊजी महिनाभर रोज रात्री बघत होते, तेव्हा कुठे ऑक्टोबरातली एक तारीख जुळली.

द्रुतगती मार्गाने मुंबईला जाताना भाऊजींनी मला विमानाचा इतिहास ऐकवला. बहुधा मी घाबरले होते म्हणून. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला विमान आणले, तेव्हा त्यात प्रवासी नव्हते, टपाल होते. ८ जून १९४८ ला ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा करत लंडनला गेले. आपल्या देशातल्या विमान कंपनीची इंग्लंडला जाणारी ती पहिली नियमित फेरी. आमचे हे टेल्कोला माल देणाऱ्या कारखान्यात पहिल्यांदा लागले होते, म्हणून टाटांचे नाव निघाले की आमच्या घरात सगळे कान टवकारतात. आणि मी जिच्या विमानाने जाणार होते त्या कंपनीनेही १९८५ साली सुरुवात केली ती कराची आणि आपल्या मुंबई-दिल्लीच्याच फेऱ्यांनी. हे ऐकून थोडा धीर आला, का ते सांगता येत नाही.

वाटेत एका ठिकाणी दोन रांगा होत्या. एक लांबच लांब, आणि एक मोकळी, गालिचा घातलेली. मी गालिच्याकडे निघाले तर तिथल्या गणवेशातल्या माणसाने माझ्या साडीकडे आणि हातातल्या पिशवीकडे एकदा पाहिले आणि मोठ्या रांगेकडे बोट केले. पासावर वर्ग छापलेला होता. दाखवला असता तर संपले असते. पण मी दाखवला नाही. खरे सांगते, मला राग आला त्याहून बरेच वाटले. त्या रांगेत माझ्यासारख्याच बायका होत्या.

माझ्यापुढे कराडकडच्या एक बाई होत्या, साठीच्या पुढच्या. त्याही लेकीच्या बाळंतपणालाच निघालेल्या, त्याही न्यूजर्सीलाच, आणि विमानही तेच. डब्यात त्यांच्याही डिंकाचे लाडू. मी अळीव घेतलेत का म्हणून विचारले, तर म्हणाल्या, ‘‘घेतलेत की, अर्धा किलो!’’ पाय दुखतात म्हणून त्या घडीघडीला एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत होत्या. मला म्हणाल्या, ‘‘तुमची जागा कुठं आली? जवळ असली तर बरं.’’ मी म्हटले, ‘‘वर आली.’’ त्यांना काय कळले कोण जाणे.

दुबईहून पुढचे विमान दुमजली होते. खालचा मजला सगळा साध्या वर्गाचा, आणि वरच्या मजल्यावर पुढे पहिल्या वर्गाच्या १४ खोल्या. खोल्याच म्हणायच्या, प्रत्येकीला सरकते दार. माझे सामान एका मुलीने उचलून ठेवले, दुसरीने कॉफी आणि खजूर आणले, तिसरीने रात्रीचे कपडे आणि सपाता दिल्या. तो पायजमा-सदरा इतका मऊ होता की मी नुसता हात फिरवत बसले. दार लावल्यावर मात्र मला कसेसेच झाले. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या संसारात दार लावून एकटी बसले आहे असे मला आठवत नव्हते. पाच मिनिटांनी मीच ते पुन्हा उघडले.

जेवण तिथे पाहिजे तेव्हा मागायचे. मला कळेना की कुणी वाढल्याशिवाय आणि कुणाला वाढल्याशिवाय भूक लागली हे ओळखायचे कसे! भात, आमटी, भाजी सगळे मिळाले, आणि काचेच्या भांड्यात लोणचे. मी पिशवीतली शेंगदाण्याची चटणी काढली. वाढणाऱ्या मुलीने वास घेऊन विचारले. ती केरळची होती. तिला थोडी दिली.

आता आंघोळ. तीन-चार तास झाल्यावर तीच मुलगी येऊन विचारते, स्नान किती वाजता करणार? वेळ ठरवून घेतात. त्या खोलीत अर्धा तास थांबता येते, पण पाणी पाच मिनिटांचेच. ते सारे पाणी जमिनीवरून भरून वर न्यायचे असते, म्हणून हा हिशोब. किती उरले ते दिवा दाखवतो, आणि मध्ये बंद करून पुन्हा सोडता येते. ह्यापूर्वी अशी सूचना ऐकून कुणी घाबरले असेल, पण मैत्रिणींनो, आपल्याला काय त्याचे? आपण २०१९ पासून एक दिवसाआड पाण्यावर घर चालवलेले. त्याच्या आधी विहिरीवरून दोन-दोन हंडे आणलेले. अंग भिजवले, बंद केले, साबण लावला, पुन्हा सोडले. माझी आंघोळ दीड-दोन मिनिटांच्या पाण्यात झाली. निम्म्याहून जास्त शिल्लक होते. क्षणभर वाटले, साडीही खळबळून टाकावी. पण वाळत कुठे घालणार!

बाहेर आले तर गादी घातलेली होती. कंबर सरळ टाकली आणि झोप मात्र लागेना. ते विमान १४ तास उडते. माझ्या बरोबर खालच्या मजल्यावर कुठेतरी त्या कराडच्या बाई बसलेल्या होत्या. मी काही फार मोठ्या मनाची बाई नाही. थोड्या वेळाने मला गाढ झोप लागली, आणि सात तास मी हलले नाही. कंबरही दुखली नाही. पैसेवाले लोक परदेशी उतरून लगेच कामाला कसे लागतात, हे कोडे मला त्या दिवशी सुटले.

न्यूयॉर्कला उतरल्यावर त्या दिसल्या. चाकाच्या खुर्चीत होत्या. पाय इतके सुजले होते की चपला चढत नव्हत्या, त्या मांडीवर धरल्या होत्या. मला म्हणाल्या, ‘‘तुम्ही अगदी ताज्यातवान्या दिसता हो.’’ मी त्यांच्या चपला माझ्या पिशवीत घातल्या आणि बाहेरपर्यंत बरोबर चालत गेले. त्यांचा जावई आला होता, त्याच्या हवाली केले.

बारा दिवसांनी लेकीला मुलगी झाली. सगळे सुखरूप पार पडले. त्यात मी आता शिरत नाही, नाहीतर तो विषय संपणार नाही.

नातीला बघायला हे रोज रात्री फोनवर येत. चित्रात ती यांना तळहाताएवढी दिसे. एके रात्री मी भाऊजींना फोन लावला आणि म्हटले, ‘‘माझं परतीचं पहिल्या वर्गाचं तिकीट रद्द करा. तेवढ्यात तीन साधी येतात. एक ह्यांचं यायचं, आणि दोन आमची दोघांची जायची.’’

भाऊजी चिडले. इतके चिडलेले मी त्यांना कधी पाहिले नव्हते. म्हणाले, ‘‘दादाचं तिकीट मी पैसे देऊन काढतो. तुमचं तसंच राहू द्या.’’ मी नको म्हटले, त्यांच्या घराचा हप्ता मला ठाऊक आहे. मग एकदम आवाज खाली आला. ‘‘वहिनी, पाटल्या करून आणल्या तर तुम्ही घेतल्या नाहीत. दोनदा परत पाठवल्यात. मी द्यायचं तरी काय?’’

ह्याला मला उत्तर सुचले नाही, अजूनही नाही. पाटल्या नाकारताना मला वाटले होते की मी त्यांचा भार हलका करते आहे. तो वीस वर्षे तसाच त्यांच्या डोक्यावर राहिला, हे मला त्या फोनवर कळले. मी एवढेच म्हटले, ‘‘जाताना तुमच्या मैलांवर मी राणीसारखी आले. ते मी घेतलं. येताना माझ्या मनासारखं करू द्या.’’ बराच वेळ ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिकीट बदलले. रद्द करायला थोडे पैसे पडले, ते मी दिले आणि त्यांनी घेतले.

ह्यांना तोवर कारखान्यातून तीन आठवड्यांची रजा मिळाली होती. आले ते नाकात बोलत, कानाला दडा बसलेला, आणि डोळे लाल. चौदा तास समोरच्या पडद्यावरचा नकाशा बघत बसले होते, झोपले म्हणून नाहीत. विमान कुठे आहे ते कुणीतरी बघायला पाहिजे, म्हणाले. नातीला हातात घेतले आणि ती लगेच रडायला लागली, तरी यांनी ती परत दिली नाही.

परत येताना आम्ही खालच्या मजल्यावर होतो. तिघांच्या रांगेत खिडकीशी हे, मध्ये मी. कंबर चांगलीच धरली, दर दोन तासांनी उठून मागे जाऊन उभी राहात होते. वरच्या मजल्याकडे जिना जातो तो पाहून ह्यांनी विचारले, ‘‘आंघोळ तिथंच का?’’ मी हो म्हटले. ‘‘पाच मिनिटं पाणी?’’ म्हटले, हो, आणि त्यातले निम्मे मी शिल्लक ठेवले. त्यावर ह्यांनी विचारले की मग त्या उरलेल्या पाण्याचे ते काय करतात. ते काही मला सांगता आले नाही.

भाऊजी मुंबईला न्यायला आले होते. त्यांनी काही विचारले नाही, मीही काही बोलले नाही. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांना निरोप पाठवला की सोनाराकडे केव्हा जायचे ते सांगा, पाटल्यांचे माप द्यायचे आहे. आणि तो मऊ पायजमा-सदरा मी लेकीकडेच ठेवून आले होते; त्याची नातीला दोन झबली आणि एक टोपडे झाले.