टेलिफोटो झूम घेताना: ३०० पुरेल की ६०० हवी?

(भागाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ बऱ्यापैकी तसाच ठेवला आहे.)

तुमच्या मेलमध्ये एक प्रश्न दर आठवड्याला असतोच: "टेलिफोटो झूम घ्यायची आहे, कुठली घेऊ?" माझं उत्तर बरीच वर्षं ठरलेलं होतं. थांबा, आहे तीच नीट वापरा. या वेळी मात्र चिपळूणजवळच्या एका ताईंचा मेल आला आणि ते उत्तर मला बदलावं लागलं. आधी माझी फजिती सांगतो, मग ताईंकडे येतो.

माझी पहिली टेलिफोटो झूम ७०-३००. स्टॅबिलायझर नसलेली, कारण तीच परवडत होती. ती घेऊन पहाटे पुण्याहून निघालो आणि भिगवणला पोचलो. उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो, नावाडी हळूहळू होडी पुढे नेतोय, मी धडाधड फोटो काढतोय. घरी येऊन संगणकावर बघितलं तर एकही धड नाही. सगळे मऊ, जणू काचेवर कोणी वाफ सोडली आहे. मी ठरवून टाकलं की ३०० कमी पडतंय, १५०-६०० घ्यायला हवी. तिची किंमत म्हणजे माझा दोन महिन्यांचा पगार. हप्ते बांधायची तयारी केली होती. एक मित्र म्हणाला, "अरे, आधी शनिवार-रविवार भाड्यानं आण."

आणली, पुन्हा भिगवणला गेलो. उशीर झाला होता, होडीत बसेपर्यंत अकरा वाजले. फोटो पुन्हा मऊ! पक्षी मोठे दिसत होते एवढाच फरक.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. फोटोसोबत जी माहिती साठते ना, एक्झिफ, ती उघडून बसलो. पहिल्या फेरीतल्या बहुतेक फोटोंचा शटर स्पीड १/१६० च्या आसपास होता. ३०० मिमीची लेन्स, छोट्या सेन्सरचा कॅमेरा, हलती होडी. तिथे निदान १/१००० तरी हवा होता. आयएसओ वाढला की फोटोत दाणे येतात या भीतीनं मी तो ४०० वर घट्ट धरून बसलो होतो. आणि दुसऱ्या फेरीत शटर व्यवस्थित होता, पण उन्हानं तापलेली हवा पाण्यावर थरथरत होती. रस्त्यावर दुपारी दिसतं ना, तसं. लेन्स जितकी लांब तितकी ती थरथरही मोठी होऊन फोटोत येते. त्यावर औषध एकच, सकाळी लवकर जा.

तेव्हापासून मी लोकांना सांगतो की फोटो बिघडण्याची कारणं चार: हात, हवा, उजेड आणि अंतर. हाताचा दोष शटर स्पीडनं जातो, स्टॅबिलायझरनंही जातो. पण लक्षात ठेवा, स्टॅबिलायझर तुमचा हात थांबवतो, पक्षी थांबवत नाही. उडत्या पक्ष्याला १/२००० लागणार म्हणजे लागणारच. हवेचा दोष कुठल्याच लेन्सनं जात नाही. राहिले उजेड आणि अंतर. या दोन्हींसाठी लेन्स आहेत, पण वेगवेगळ्या. इथेच पैसे चुकीच्या ठिकाणी जातात.

उजेडाचं बघा. ताडोबात सकाळच्या पहिल्या सफारीला झाडाखाली वाघ बसलाय. ७०-२०० एफ/२.८ लेन्सनं आयएसओ १६०० मध्ये काम होत असेल, तर एफ/६.३ च्या लेन्सला त्याच शटर स्पीडसाठी ८००० लागेल. जवळजवळ पाचपट फरक. वाघ मोठा प्राणी, जिप्सीतून बऱ्याचदा वीस-तीस मीटरवर दिसतो. तिथे ६०० पेक्षा २.८ कामाला येते. ज्यांना कबड्डीचे सामने किंवा नाटक टिपायचं आहे त्यांचंही तेच.

आता अंतर. हे गणित सोपं आहे, घाबरू नका. पक्ष्याची लांबी गुणिले लेन्सचे मिलिमीटर, भागिले अंतर. सेन्सरवर पक्षी केवढा उमटेल ते कळतं. खंड्या २८ सेंटिमीटरचा, म्हणजे ०.२८ मीटर. ३०० ची लेन्स आणि २० मीटर अंतर. उत्तर ४.२ मिमी. एपीएस-सी सेन्सरची उंची साधारण १५ मिमी, म्हणजे पक्षी पाव उंचीहून थोडा जास्त. हाच खंड्या १० मीटरवरून टिपला तर ८.४ मिमी. २० मीटरवरूनच, पण ६०० नं टिपला तरी ८.४ मिमी. म्हणजे अंतर निम्मं करणं आणि लेन्स दुप्पट करणं एकच. म्हणून मी म्हणायचो, दहा पावलं पुढे जा, पैसे वाचतील.

आता ताईंचा मेल. त्या शाळेत शिकवतात. त्यांच्या घरामागे बेहड्याचं जुनं झाड आहे आणि त्याच्या ढोलीत महाधनेशाची जोडी येते. मादी ढोलीत जाऊन तोंड लिंपून घेते, एक फट ठेवते आणि काही महिने आतच राहते. तिला आणि नंतर पिल्लांना नर फळं आणून भरवतो. म्हणजे आतल्यांचं सगळं पोट त्या एका नराच्या फेऱ्यांवर. ताईंकडे २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि सोबत आलेली ५५-२५० आहे. मागच्या वर्षी फोटो मोठा यावा म्हणून त्या २५ मीटरपर्यंत गेल्या. नर चोचीत उंबर घेऊन आला, समोरच्या फांदीवर बसला, बसूनच राहिला आणि न भरवता उडून गेला. त्या लिहितात, "त्या दिवशी मी कॅमेरा कपाटात ठेवून दिला. या वर्षी थोडे पैसे साठलेत. ७०-३०० घेऊ की १५०-६००?"

मंडळी, इथे माझा "दहा पावलं पुढे जा" हा सल्ला निव्वळ चुकीचा आहे. इथे पावलं मागे घ्यायची आहेत.

गणित करू. महाधनेश जवळजवळ मीटरभर लांबीचा. २५० नं २५ मीटरवरून तो सेन्सरवर १० मिमी येतो. ६०० नं तोच १० मिमी येतो ६० मीटरवरून. फोटो तेवढाच आणि ताई ३५ मीटर मागे. ७०-३०० घेतली तर ६० मीटरवरून ५ मिमी येईल, म्हणजे क्रॉप करताना २४ पैकी साधारण ६ मेगापिक्सेलच हाती उरतील. ए-४ प्रिंटला तेही चालतं. पण मग हात शिवशिवतो, अजून थोडं पुढे जाऊ असं वाटतं. ते वाटणंच नको असेल तर लांब लेन्स घ्यावी.

वजनाचं काय? सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी किंवा टॅमरॉनची १५०-६००, दोन्ही दोन किलोच्या आसपास. सिग्माचीच स्पोर्ट्स जवळजवळ २.९ किलो. निकॉनची २००-५०० सुमारे २.३ किलो. मी बाइकवरून फिरणारा माणूस, मला हे वजन जड जातं. ताईंचं झाड मात्र घरामागेच आहे. ट्रायपॉड लावायचा, आडोशाला बसायचं. आणि उजेडाचं नुकसान? ५५-२५० शेवटच्या टोकाला एफ/५.६ असते आणि ही एफ/६.३. फक्त एक तृतीयांश स्टॉप. भरवताना नर क्षणभर स्थिर असतो, ट्रायपॉडवर १/२५० सुद्धा पुरतो.

तेव्हा ताई, तुम्ही १५०-६०० घ्या. नवीनच हवी असं नाही. आणि ३०० ला टेलिकन्व्हर्टर लावायच्या फंदात पडू नका. २x कन्व्हर्टर दोन स्टॉप उजेड खातो, एफ/५.६ चं एफ/११ होतं, मग डीएसएलआरचा ऑटोफोकस बहुतेक हात टेकतो.

जुनी लेन्स घेताना मात्र, विशेषतः कोकणात, बुरशी बघा. दोन्ही झाकणं काढा, मागून मोबाइलचा टॉर्च तिरपा मारा आणि पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की किंमत कितीही कमी असो, हात जोडून परत द्या. धुळीचे चार कण चालतात. आपला कॅमेरा सोबत न्या, लेन्स लावून ६०० वर लांबची पाटी टिपा, फोकस झटकन येतो का बघा. काही जुन्या लेन्स कॅमेऱ्यातल्या मोटरवर चालतात, निकॉनच्या सुरुवातीच्या श्रेणीतल्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ती मोटर नसते. घरी आणल्यावर चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत बंद करून ठेवू नका. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, एवढं पावसाळ्यात पुरतं. जेलचा रंग बदलला की ते सुकवून घ्या.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. गेल्या वर्षभरातले न जमलेले पन्नास फोटो उघडा आणि प्रत्येकासमोर चारपैकी एक शब्द लिहा: हात, हवा, उजेड, अंतर. हात किंवा हवा जास्त वेळा आली तर पैसे खिशातच ठेवा. उजेड आला तर २.८ किंवा एफ/४ चा विचार करा. अंतर आलं तर स्वतःला विचारा, मला पुढे जाता येतं का आणि जावं का? जाता येत असेल तर जा. जाऊ नये असं असेल तर लांब लेन्स घ्या. आणि घ्यायच्या आधी दोन दिवस भाड्यानं आणून बघा, त्या मित्राचे उपकार मी अजून मानतो.

ताई, या हंगामात नर ६० मीटरवरूनही बिचकला, तर अजून मागे व्हा. फोटो लहान येईल. ढोलीतल्या मादीला उंबर मिळालं की झालं. आणि फोटो जमला तर मला जरूर पाठवा, झाडाचा पत्ता मात्र कुठेही टाकू नका.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.